तिसरी टकटक

"दार पहिल्यांदा वाजलं की काय म्हणशील?" निकनं मला विचारलं. सकाळपासून ही चौथी वेळ होती.

"जागा नाही."

"दुसऱ्यांदा?"

"जागा नाही, पुढे व्हा."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मी तोंड उघडायचं नाही. दार तुम्ही उघडणार."

"मी. माझ्या हातानं. तू मध्ये यायचं नाहीस, सगुनो." असं म्हणून त्यानं माझ्या कोटाची कॉलर उगाचच नीट केली.

माझं नाव सगुण. सगुण खवणेकर, गाव खवणे, तालुका वेंगुर्ला. पण शब्दाच्या शेवटी स्वर नसला तर इटलीच्या माणसाला तो शब्द लंगडा वाटतो, म्हणून मी सगुनो. साल छप्पन्न, मार्च महिन्याची एकोणीस तारीख, सोमवार. सोमवारी निकच्या नाइटक्लबला सुट्टी असे. दुपारचे दोन वाजायला आले होते आणि त्या एवढ्या थोरल्या क्लबात आम्ही दोघंच होतो.

मी दारवान होतो. दाराला डोळ्यांच्या उंचीवर एक छोटी झडप होती. ती सरकवायची, बाहेरच्याला न्याहाळायचं आणि आत घ्यायचा की नाही ते ठरवायचं, एवढंच माझं काम. पोशाख मात्र संस्थानिकाचा. सोनेरी बटणांचा लाल कोट आणि वर फेटा. आमच्या घराण्यात कुणी जन्मात फेटा बांधला नव्हता. समुद्रावर मासे मारणाऱ्याला फेटा हवा कशाला? पण हिंदुस्थानी माणूस म्हटला की गिऱ्हाइकाला फेटा दिसला पाहिजे, असं निकचं म्हणणं. मग मी पडद्याचं कापड डोक्याला गुंडाळायला शिकलो, तेही बाल्टिमोरला. गावातल्या कुणी बघितलं असतं तर शिमग्यातलं सोंग म्हणून मागे पोरं लागली असती.

बोटीवरून पळून मी या बंदरात राहिलो त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. निकनं मला नोकरीला ठेवताना कारण सांगितलं होतं. "या गावात तुला ओळखणारं कुणी नाही, आणि तू कुणाला ओळखत नाहीस. दारावर मला असाच माणूस पाहिजे." ते ऐकून मला तेव्हा बरं वाटलं होतं. आपल्या एकटेपणाचा कुणाला तरी उपयोग आहे, असं वाटलं.

निकही खरा निक नव्हता. क्लबच्या पाटीवर निक केल्टन, पण आईनं ठेवलेलं नाव नुन्झियो काल्ताबियानो. सिसिलीतल्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी मालबोटीत कोळशामागे लपून तो इथं उतरला. उतरला तो न्युमोनिया घेऊनच. धक्क्याजवळच्या गल्लीत कालोजेरो नावाच्या चांभाराचं दुकान होतं. त्या माणसानं याला ना ओळख ना पाळख, उचलून आपल्या दुकानामागच्या खोलीत चामड्याच्या ढिगावर निजवलं. त्याची बायको आगाता महिनाभर याच्या तोंडात चमच्यानं सूप घालत होती. बरा झाल्यावर निक दारूच्या गुत्त्यात पेले विसळायला लागला. मग गल्ल्यामागे उभा राहिला, मग एका तळघरात पियानो ठेवून स्वतःचं काहीतरी सुरू केलं आणि एकोणतीस वर्षांनी हा क्लब उभा केला. अकरा जणांचा बँड, लाल मखमलीच्या खुर्च्या, आणि दारावर मी.

त्या चामड्याच्या ढिगावर पडल्यापडल्या त्यानं एक नवस केला होता. या देशात माझं स्वतःचं दार झालं, तर सेंट जोसेफच्या दिवशी, एकोणीस मार्चला, मी पंगत मांडीन आणि तुम्ही पहिल्या पानावर बसाल.

ही पंगत म्हणजे त्यांच्याकडची जुनी रीत. एक म्हातारा जोसेफ होतो, एक बाई मेरी आणि एक लेकरू येशू. देवाला जन्माच्या वेळी कुठं थारा मिळाला नव्हता, त्याची आठवण म्हणून ही तिघं दार वाजवतात. दोनदा त्यांना नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा यजमान दार उघडतो, त्यांना आत घेतो आणि स्वतः वाढतो. ती जेवेपर्यंत घरातल्या कुणी अन्नाला हात लावायचा नाही.

"एवढी वर्षं का नाही केलीत?" मी विचारलं होतं.

"तळघराचं दार काय दार असतं?" निक म्हणाला. "म्हटलं, चांगलं होऊ दे. मग हे चांगलं झालं. पण तोवर कालोजेरोकाकांकडे गेलो नव्हतो त्याला अकरा वर्षं झाली होती. आज जाऊ, उद्या जाऊ. मग जायचीच लाज वाटायला लागली."

म्हणून त्यानं चर्चच्या पाद्र्याकरवी निरोप धाडला. काकांनी होकार कळवला. सोबत काकू येणार होत्या, आणि येशू व्हायला घरात मुलगा नव्हता म्हणून सात वर्षांची नात. होकार आल्यापासून निकला धड झोप नव्हती. काका आपल्याला माफ करतात की नाही, हे त्याला त्या एका दुपारी कळणार होतं. ते तो तोंडानं बोलला नाही, पण माझी कॉलर त्यानं सकाळपासून चारदा नीट केली होती.

नाचाच्या फरशीवर मधोमध टेबल मांडलं होतं. उरलेल्या सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या घालून ठेवलेल्या. दिवसाउजेडी नाइटक्लब बघू नये. रात्री ज्या मखमलीनं डोळे दिपतात तिच्यावर सिगारेटची भोकं दिसतात, आणि शिळ्या बिअरचा वास येतो. पण त्या टेबलावर पांढरी चादर होती, लिंबं होती, जोसेफच्या दाढीच्या आकाराचा पाव होता, तळलेले मासे होते. शेवयांवर खरपूस भाजलेला पावाचा चुरा होता. जोसेफ सुतार, म्हणून तो चुरा म्हणजे त्याच्या करवतीचा भुसा. हे सगळं निकनं पहाटे उठून एकट्यानं केलं होतं. त्याला ना बायको, ना मूल. स्वैपाक्यांनाही त्यानं सुट्टी दिली होती.

दोन वाजले. दार वाजलं.

निक माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्यानं हात कडीवर ठेवला. मी झडप सरकवली आणि बाहेर बघितलं.

बाहेर एक बाई आणि लहान मुलगी, आणि त्यांच्यापुढे एक म्हातारा उभा होता. हातात काठी, तिला जोसेफची खूण म्हणून कागदाचं लिलीचं फूल बांधलेलं. त्यानं मान वर केली आणि झडपेतून माझ्याकडे बघितलं.  तो माणूस मी ओळखला होता.

डिसेंबरात, नाताळच्या आठवड्यात, तो एकटा आला होता. गळ्यात टाय नाही, डोक्यावर कामगाराची टोपी, काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. इंग्रजी त्याला जेमतेम येत होतं. अशा माणसांसाठी निकनं मला पहिल्याच दिवशी त्यांच्या भाषेतलं एक वाक्य पढवून ठेवलं होतं. "जुन्या गल्लीतली माणसं येतील. कुणाला नोकरी पाहिजे असेल, कुणाला काय. त्यांना एवढंच म्हण." ते वाक्य म्हणजे, जागा नाही. त्यांची भाषा मला तेवढीच येत होती. म्हाताऱ्यानं पुडकं वर करून दाखवलं, नुन्झियो, नुन्झियो असं दोनतीनदा म्हणाला. मी म्हटलं, "जागा नाही." पुडकं घ्यायला हात पुढे केला तर त्यानं मान हलवली, पुडकं छातीशी धरलं आणि गेला. पंधरा जण मागे खोळंबले होते. मी ते निकला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलं आहे, असं मला वाटलंही नव्हतं.

आता तेच डोळे माझ्यासमोर होते, आणि त्यांना झडपेतून माझा तोच फेटा दिसत होता.

मागून निकनं मला कोपरानं ढोसलं. काय करायला हवं होतं ते मला आज नीट कळतं. मागे वळून सांगायला हवं होतं, मालक, या माणसाला मी एकदा खरंच हाकललंय, हे नाटक राहू द्या, दार उघडा. पण नोकरी जाईल या भीतीनं मी वळलो नाही. नोकरी गेली तर कागदपत्रांविना मी कुठं जाणार होतो?

"जागा नाही," मी म्हटलं आणि झडप लावली.

 मग पुन्हा टकटक झाली, आधीपेक्षा हळू. मी झडप उघडली. म्हातारा या वेळी माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या फेट्याकडे बघत होता.

"जागा नाही, पुढे व्हा."

झडप लावली. निकनं मला बाजूला सारलं. डाव्या हातानं केस सारखे केले, उजवा हात कडीवर होताच. त्याचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता. गिऱ्हाइकासमोर हसायचा तो चेहरा कुठंतरी गेला होता आणि आत एक एकोणीस वर्षांचा पोरगा उभा होता.

आम्ही वाट बघत राहिलो.

आमच्याकडे पिंड ठेवून कावळा शिवायची वाट बघतात तशी वाट बघितली. कुणी श्वास मोठ्यानं घेत नाही, आणि जो तो मनात म्हणतो, काय राहिलं असेल? मग घरातला एकजण पुढे होतो आणि राहिलेली गोष्ट बोलून टाकतो. इथं ती गोष्ट कुठली, हे मला ठाऊक होतं. मी पुढे झालो नाही.

"थकले असतील," निक कुजबुजला. "वय झालं त्यांचं. दम खात असतील."

"मालक, उघडा ना. बघू तरी."

"तिसऱ्यांदा वाजल्याशिवाय उघडायचं नसतं."

दहा मिनिटं गेली असतील. त्यानं अखेर कडी काढली. बाहेर रस्ता रिकामा होता. भिंतीला ती काठी टेकून ठेवली होती, फुलासकट. आणि पायरीवर वर्तमानपत्रात बांधलेलं ते पुडकं.

निकनं ते तिथंच, पायरीवर बसून सोडलं. आत हातानं शिवलेले तपकिरी बूट होते. त्यानं बूट उलटा करून तळव्यावरचे टाके बघितले आणि बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग पायातले चकचकीत बूट काढून ते घातले. बरोब्बर बसले.

"माझं माप त्यांच्या लक्षात आहे," तो म्हणाला. "मग परत का गेले?"

मी भिंतीची काठी उचलून आत ठेवली.

तो उठला आणि कोट न घेताच चालायला लागला. मी त्याच्या मागे. अंगावर लाल कोट, डोक्याला फेटा. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. धक्क्याच्या दिशेनं अकरा गल्ल्या आम्ही चाललो. नवं चामडं ते, प्रत्येक पावलाला करकरत होतं. 

चांभाराच्या दुकानाला कुलूप होतं. बाजूच्या जिन्यानं वर गेलो. निकनं दार वाजवलं.

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला. तेवढे शब्द मला कळत होते.

"जागा नाही."

निकचा चेहरा एकदम उजळला. त्यानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, जणू म्हणत होता, बघ, म्हातारा रीत सोडत नाही. त्यानं पुन्हा वाजवलं.

"जागा नाही. पुढे व्हा."

या खेपेला त्या आवाजात काहीतरी होतं. राग होता की रडू होतं, मला सांगता येणार नाही. निकचं हसू तिथंच विझलं. त्यानं तिसऱ्यांदा हात उचलला. मूठ वळलेली, दारापासून चार बोटांवर. मी त्या मुठीकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, वाजव. वाजव रे बाबा. आणि तेवढ्याच जोरानं म्हणत होतो, वाजवू नकोस. दार उघडलं असतं तर म्हातारा पहिल्यांदा मलाच बघणार होता, आणि डिसेंबरची गोष्ट निकसमोर उघडी पडणार होती.

मूठ हळूहळू खाली आली.

"बरोबर आहे त्यांचं," निक म्हणाला. "अकरा वर्षं. मीसुद्धा नसतं उघडलं."

तो जिना उतरला. बूट करकर करकर वाजत होते. मीही उतरलो. मी त्याला थांबवलं नाही, हे मी एका व्यक्तीशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही. आज दुसऱ्यांदा सांगतो आहे.

परत आल्यावर तो त्या टेबलाशी बसला, पण यजमानाच्या खुर्चीवर नाही, मागे बँडच्या पायरीवर. पंगत बसली नव्हती, म्हणून त्यानं काही खाल्लं नाही. मीही नाही. संध्याकाळी सगळं अन्न डब्यांत भरून मी खलाशांच्या आश्रमात नेऊन दिलं. परतलो तेव्हा तो तसाच बसला होता. बूट काढून शेजारी ठेवले होते.

"तू जा घरी, सगुनो," तो म्हणाला. "मी दार लावून घेईन."

त्यानंतर त्यानं ती पंगत पुन्हा मांडली नाही. त्याच उन्हाळ्यात म्हातारा कालोजेरो वारला. निकनं मोठं पुष्पचक्र पाठवलं आणि स्वतः चर्चच्या समोरच्या फुटपाथवर गाडीत बसून राहिला. दारातून आत जायचं त्याच्यानं झालं नाही. क्लब आणखी आठ वर्षं जोरात चालला. वर्तमानपत्रात त्याचे फोटो यायचे, या बाजूला कुणी बडा माणूस, त्या बाजूला कुणी. फोटो काढून झाला की तो ऑफिसात जाऊन आतून कडी लावून घ्यायचा.

चौसष्टच्या फेब्रुवारीत तो त्याच ऑफिसात गेला. हृदय बंद पडलं. कपाटातलं सामान आवरायचं काम माझ्याकडे आलं. तळाशी ते तपकिरी बूट होते, त्याच वर्तमानपत्रात. तळव्यांना फक्त बावीस गल्ल्यांची धूळ. अकरा जातानाच्या, अकरा येतानाच्या.

ते बूट कुणाला द्यायचे, याचा मला विचार करावा लागला नाही. मी तो जिना चढलो. फेटा नव्हता, साधी टोपी होती. दार वाजवलं. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवलं. मग आणखी एकदा. आगाताबाईनं दार उघडलं. ठेंगणी, काळा झगा, पाठीत वाकलेली, भिंत धरत धरत आलेली. तिचं इंग्रजी निम्मं, आणि माझं इटालियन तोवर पावभर झालं होतं.

तिनं पुडकं बघितलं आणि मला आत घेतलं. मी सांगितलं, निक गेला. तिनं क्रुसाची खूण केली. बूट मांडीवर घेऊन बसली.

"नुन्झियो आला होता त्या दिवशी," ती म्हणाली. "वर, या दारापर्यंत. तुला ठाऊक आहे?"

"हो."

"आमचे हे या दारामागे उभे होते. कडीवर हात ठेवून. मला म्हणाले, सूप गरम कर. आपण दोन वेळा नाही म्हणू. त्यानंही आपल्याला दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा वाजवलं की मी त्याला असा धरतो की सोडतच नाही." म्हातारीनं हातानं धरून दाखवलं. "आणि मग बूट वाजायला लागले. यांनीच शिवलेले. जिन्यावरून खाली. हे म्हणाले, आगाता, तो वाजवत नाहीये. तो चाललाय."

"मग उघडलं का नाही?"

"तिसऱ्यांदा वाजल्याशिवाय उघडायचं नसतं."

मला बसवेना. पण विचारल्याशिवाय राहवलंही नाही. "आणि क्लबात? तिथं तुम्ही तिसऱ्यांदा का नाही वाजवलंत?"

"यांनी हात उचलला होता. मग म्हणाले, हाच माणूस, हाच डोक्याला कापड गुंडाळलेला, हेच शब्द. नाताळातही हाच होता, आणि तेव्हा काही सण नव्हता. आता हे नाटक आहे की खरं, मला कसं कळणार?"

"डोक्याला कापड गुंडाळलेला तो मीच," मी म्हटलं.

मग मी सगळं सांगितलं. नाताळचं, झडपेतलं, जिन्यावरचं. हेही सांगितलं की तिकडे दाराच्या आतल्या बाजूला नुन्झियोही कडीवर हात ठेवून उभा होता, पहाटेपासून स्वैपाक करून, केस सारखे करून. ती बुटांकडे बघत ऐकत होती. माझं संपल्यावर ती उठली. मला वाटलं आता दार दाखवणार, आणि मी टोपी हातात घेतली. ती चुलीशी गेली. थोड्या वेळानं माझ्यासमोर सुपाची थाळी आली. शेजारी पाव. तिनं स्वतःला घेतलं नाही. मी जेवेपर्यंत हात मांडीवर ठेवून समोर बसून राहिली. बोट सोडल्यापासून कुणी मला असं वाढून दिलं नव्हतं. मी सगळं संपवलं.

निघताना ती दारापर्यंत आली. एका हातानं चौकट धरली होती, काखेत बूट होते.

"पुन्हा ये," ती म्हणाली. "आणि तीन तीन वेळा कशाला वाजवत बसलास? ते फक्त सेंट जोसेफच्या दिवशी. बाकीच्या दिवशी एकदा वाजवलं की आम्ही उघडतोच."